बोट लागली

आमच्या वारणानगरात ऊस सहकारी, दूध सहकारी, बाजारही सहकारी. तात्यासाहेब कोरे यांनी ओसाड माळावर साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून आमच्या रक्तात दोन गोष्टी भिनल्या आहेत, साखर आणि सर्वसाधारण सभा. पहिलीवर डॉक्टरकडे गोळी मिळते. दुसरीवर अजून औषध निघालेलं नाही. माझ्या मेव्हणीच्या मुलीचं लग्न अलिबागला ठरलं आणि "एवढं तिथवर जातोयच, तर बोटीनं दोन दिवस मुंबई करून येऊया की," असं बायको सहज बोलून गेली. दुसऱ्या कुठल्याही घरात हा विषय चहाच्या कपाबरोबर संपला असता. आमच्या घरात तो सभेपुढं आला.

सभासद सात. आबा, म्हणजे माझे वडील, पदसिद्ध अध्यक्ष. त्यांना कमी ऐकू येतं, आणि अध्यक्षाला याहून मोठी पात्रता लागत नाही. मी सचिव, कारण एका संस्थेत तीस वर्षं खतावण्या लिहिल्यामुळं इतिवृत्त लिहायची सवय. आई, बायको, आणि मोबाइलमधून मान वर काढत नाही तोवर तटस्थ धरला जाणारा चिरंजीव सोन्या. शिवाय कोडोलीहून खास आलेली बहीण आक्का आणि तिचे यजमान दाजी. दाजी हे जन्मजात विरोधी पॅनेल. त्यांच्या लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा भटजींच्या मुहूर्तालाच हरकत घेतली होती, असं आक्का अजून सांगते.

सभा सुरू होताच अध्यक्षांनी मूळ मुद्द्यालाच हात घातला.

"बोटीनं कशाला? मुंबई काय बेट हाय?"

"आबा, बेटच आहे."

"खुळा का काय तू? मी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं धा येळा गेलोय. पाणी आडवं आलं न्हाई कुठं."

आता सचिवाला ज्ञान पाजळायची संधी कोण सोडतं? मी सांगितलं की मुंबई मुळात सात बेटं. कुलाबा, धाकटं कुलाबा, मुंबई, माझगाव, वरळी, परळ, माहीम. १७८४ च्या सुमाराला हॉर्नबीच्या बांधानं वरळीकडून आत घुसणारं पाणी अडवलं, १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला, आणि भर टाकून टाकून मधलं पाणी दिसेनासं झालं. पोर्तुगिजांनी १६६१ मध्ये आपल्या राजकन्येच्या लग्नाच्या करारात हे बेट इंग्लंडच्या राजाला आंदण दिलं. राजाला त्याचं काय करायचं कळेना, म्हणून १६६८ मध्ये त्यानं ते वर्षाला दहा पौंड भाड्यानं कंपनीला देऊन टाकलं.

दाजींनी एवढ्यातलं आंदण तेवढं ऐकलं.

"बघा," ते आक्काकडं वळून म्हणाले, "त्यांच्या जावयाला मुंबई. आमाला टावेल-टोपी."

त्यावर दहा मिनिटं गेली. इतिवृत्तात मी 'चर्चा झाली' एवढंच लिहिलं.

अलिबागहून समुद्रमार्गे मुंबई गाठायला वाट एक असती तर हा लेख झाला नसता. पण वाटा आहेत चार-पाच. मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँचा आणि कॅटमरान. मांडव्याहूनच भाऊच्या धक्क्याला जाणारी, पोटात गाड्या घेणारी रो-रो. रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणारी जुनी लाँच. खाडीपलीकडं जाऊन उरणच्या मोऱ्याहून भाऊच्या धक्क्यालाच येणारी आणखी एक. आणि ज्यांना पाण्याला स्पर्शच करायचा नाही त्यांच्यासाठी अटल सेतू.

मी रीतसर तक्ता केला. फूलस्केप कागद, आडव्या-उभ्या रेघा, आणि रकाने : भाडे, वेळ, चढउतार, सामान, उलटीची शक्यता. १९९८ मध्ये आमच्या पंचक्रोशीतल्या सत्तरेक गावांना संगणकानं जोडणारा सरकारी प्रकल्प झाला होता. देश मोडेम म्हणजे काय विचारत होता, तेव्हा आमच्या भागात शेतकरी पडद्यावर माहिती बघत होता. अशा ऐतिहासिक भूमीतला माणूस आंतरजालावर बोटीची वेळ शोधू शकत नाही? मी शोधली. एकाच बोटीच्या चार वेळा सापडल्या. हिशेबनीस या नात्यानं मी त्यांची सरासरी काढली.

तक्ता वाचून दाखवल्यावर लक्षात आलं की कुणालाच वाटेत रस नव्हता. प्रत्येकाला उतरायचं कुठं हे आधीच ठरलेलं होतं.

बायकोला गेटवे हवा होता. "राजा-राणी उतरलेल्या जागी उतरायचं. उतरतानाचा फोटो काढायचा." मी म्हटलं, १९११ साली पंचम जॉर्ज उतरला तेव्हा तिथं गेटवे नव्हताच. पायाचा दगड बसला १९१३ मध्ये आणि उद्घाटन झालं १९२४ ला. ती म्हणाली, "मग बिचाऱ्याचा फोटो चुकला. आपला कशाला चुकवायचा?" तीस वर्षांच्या संसारात मला या तऱ्हेच्या युक्तिवादाला उत्तर सापडलेलं नाही.

आक्काला भाऊचा धक्का हवा होता, कारण तिथून क्रॉफर्ड मार्केट जवळ. दाजींनाही भाऊचा धक्काच, पण मासळीसाठी. आमच्याकडं मासे खाणारा माणूस म्हणजे मटणाचा अपमान करणारा माणूस. दाजींना मात्र बांगड्याचं वेड. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात तो धक्का बांधला तो जणू कोडोलीच्या जावयाची सोय व्हावी म्हणून, अशा आपुलकीनं ते बोलत होते.

"त्या दिवशी एकादशी हाय," आई म्हणाली. "मला मासळीच्या वासात उतरवू नका."

"आत्या, वासानं उपास मोडत न्हाई," दाजी सासूबाईंना म्हणाले.

"तुमचा मोडत नसंल. तुम्ही धरताच कुठं."

सोन्याला कॅटमरान हवी होती, कारण तिच्यात रील चांगलं येतं. आणि आबांना कुठलीच बोट पसंत नव्हती. त्यांच्या मते नौकानयनाचा खरा प्रकार एकच, काहिल. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, गुऱ्हाळात रस आटवायची ती भलीमोठी पसरट कढई. पूर्वी पूल नव्हते तेव्हा वारणेच्या पाण्यात काहिल सोडून माणसं, करडं, क्वचित नवरदेव पलीकडं जायचे. आबा तरुणपणी काहिलीत बसून चिकुर्ड्याला, म्हणजे सांगली जिल्ह्यात गेले होते. त्यांच्या आयुष्यातला हा पहिला आणि शेवटचा परजिल्हा-जलप्रवास. पण कोलंबसालाही एकाच फेरीवर प्रसिद्धी मिळाली असं त्यांचं म्हणणं.

शेवटी दाजी उभे राहिले. सभेत ते बसून बोलत नाहीत.

"पावणं, गाडी हाय न्हवं माझी? सात माणसं बसत्यात. पूल बांधलाय सरकारनं. २१.८ किलोमीटर! १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं, मी टीव्हीवर बघितलंय. अडीचशे रुपय टोल, की सुळकन मुंबई. कशाला पाण्यात हात-पाय मारायचं?"

"दाजी, मग बोटीची मजा?"

"उलट्या करण्यात कसली आलीया मजा?"

सचिवाच्या हातात कागद असतो आणि कागद कुठल्या क्रमानं वाचायचा हे सचिव ठरवतो. सहकारातला हा पहिला धडा आहे. माझ्या तक्त्यात रेवसची लाँच सर्वांत स्वस्त होती, म्हणून मी ती मुद्दाम शेवटी वाचली. आमच्याकडं सभेत शेवटचं वाक्य संपलं की माणसं आपोआप एक शब्द उच्चारतात. आबांनी पन्नास वर्षं तो उच्चारलाय.

"मंजूर!" आबा म्हणाले.

"मंजूर, मंजूर," आई, बायको आणि आक्का सवयीनं म्हणाल्या. सोन्यानं मान वर न काढता हात वर केला.

दाजींनी सभात्याग केला. चहा घेऊन केला, पण केला.

लग्न झकास झालं. वऱ्हाडाबरोबर आलेल्या आम्हा घाटावरच्या मंडळींनी पोपटीची चौकशी केली, वालाच्या बिरड्यावर ताव मारला आणि 'रस्सा असता तर' असं फक्त दोनदाच म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून जाहीर केलं, "आमचं पॅनेल पुलावरनं जाणार. गेटवेला आधी कोण पोचतंय बघू." त्यांच्या पॅनेलमध्ये आक्का एकटीच होती आणि तीही सामान आमच्याबरोबर नेणं जमणार नाही म्हणून गेली. मी, बायको, सोन्या, आई, आबा असे पाच जण सत्ताधारी गटातून रेवसकडं निघालो. आईनं निघताना पाच जणांसाठी पाच वर्तमानपत्रं घेतली. एस.टी. लागू नये म्हणून आमच्याकडं बुडाखाली पेपर घेऊन बसतात. पेपर नेमकं काय करतो हे विज्ञानाला सांगता आलेलं नाही, पण आईच्या मते संपादकीय पान खाली घेतलं तर जास्त गुण येतो.

मिनीडोअर रिक्षानं रेवसला पोचलो तेव्हा दीड वाजला होता. माझ्या सरासरीनुसार लाँच पावणेदोनला. जेट्टीवर ऊन होतं, दोन कुत्री होती, आणि पाणी...

"समुद्र कुठाय?" सोन्यानं विचारलं. आठवड्यातला त्याचा पहिला प्रश्न.

समोर नुसता चिखल होता. काळाभोर, चकचकीत, लोण्यासारखा. त्यात दोन होड्या कुशीवर कलंडून दुपारची झोप घेत होत्या. दूर कुठंतरी एक चंदेरी रेघ दिसत होती, तोच समुद्र असावा असा आम्ही अंदाज केला.

रेवसच्या धक्क्यावर उभं राहिलं की जुन्या माणसांना १७ जुलै १९४७ ची 'रामदास' आठवते. भाऊच्या धक्क्यावरून याच रेवसला यायला निघालेली ती बोट वाटेत बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. ते नाव कुणीतरी काढलं. आबांनी टोपी काढून त्या चंदेरी रेघेकडं बघत हात जोडले. थोडा वेळ आमच्यातलं कुणी काही बोललं नाही, आणि आमच्या घराण्यात हे फार वेळा घडत नाही.

धक्क्याच्या सावलीत एक कोळीण रिकाम्या पाटीवर कोपर टेकून बसली होती. मी तक्ता काढून विचारलं, "पावणेदोनची लाँच?"

तिनं आधी कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "सुकती लागलीय, दादा. पानी कुठंय? आता बोट नाय. आज तिथ कंची?"

मी मोबाइल काढला. तारीख सापडली, वार सापडला, पुण्याचं हवामान सापडलं. तिथी सापडेना.

"एकादशी," आई म्हणाली.

"मंग? तिथीची पाऊणकी करायची. तवा भरती."

माझ्या डोक्यावरून गेलं. आईच्या गेलं नाही. तिसरीत पाटीवर पावकी, निमकी, पाऊणकी घोकलेल्या बाईचे डोळे चमकले. "अकरा पाऊण सव्वाआठ," ती म्हणाली. "म्हंजे सव्वाआठला पाणी भरलं. त्यात सहा मिळवलं की सव्वादोन. आता दीड. म्हंजे तळ गाठायचाय अजून." मग माझ्याकडं वळून : "तीस वर्सं हिशेब लिवलास न्हवं रे?"

कोळणीनं आईला पाटीशेजारी जागा करून दिली. दोघी दहा मिनिटांत अशा रमल्या की जणू एका माहेरच्या. माझ्या तक्त्यात भाडं होतं, वेळ होती, उलटीसुद्धा होती. चंद्राचा रकाना नव्हता. आणि घरी भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं होतं, त्याच्याच खाली बसून आम्ही सभा घेतली होती. त्या कॅलेंडरच्या पाठीमागचे आरोग्याचे लेख मी नेमानं वाचतो. पुढची बाजू फक्त दुधाच्या खाड्यांसाठी, अशी माझी समजूत.

पाणी चढेपर्यंत थांबायचं की मांडव्याला जायचं? मी तिथल्या तिथं विशेष सभा बोलवणार होतो, पण बायकोनं सभेविना मिनीडोअरला हात केला. इतिहासात याला सत्तापालट म्हणतात.

मांडव्याच्या जेट्टीवर सोन्यानं 'अग्निपथ'मधल्या अमिताभच्या आवाजात आपलं नाव, बापाचं नाव आणि गावाचं नाव सांगत एक रील केलं. गाव मात्र मांडव्याऐवजी वारणानगर सांगितल्यामुळं आसपासच्या लोकांना संदर्भ लागेना. तिथं तिकिटांच्या खिडक्या अनेक, रांगा अनेक. कॅटमरान की साधी लाँच, वरचा मजला की वातानुकूलित, मी पुन्हा कागद काढून नवे रकाने आखायला बसलो. तिसरी रेघ मारतोय तोवर बायको पाच तिकिटं घेऊन आली.

"कुठली काढलीस?"

"ज्या रांगेत माणसं कमी हुती तिथली."

"जाते कुठं?"

"ते चढल्यावर विचारू की."

ती गेटवेलाच जात होती. दोन महिने, चार सभा, एक तक्ता आणि एक सभात्याग, यांतून जे ठरलं नव्हतं ते आखूड रांगेनं ठरवलं.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं कमी, कारण अर्धा वेळ आम्ही पेपर नीट बुडाखाली आहे ना हे बघण्यात घालवला. वाऱ्यानं आबांचं क्रीडा पान उडालं. ते चिडले, पण उलटी झाली नाही, त्यावरून आईनं निष्कर्ष काढला की क्रीडा पान निरुपयोगीच होतं. सीगल पक्षी बोटीच्या मागं लागले होते आणि लोक त्यांना वेफर्स भरवत होते. मी आबांना मागच्या अंगाला हात करून खांदेरी सांगितली. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईकर इंग्रज मोठाली जहाजं घेऊन आडवे आले. पण वारा पडला की ती जहाजं जागच्या जागी, आणि आपल्या लहान लहान होड्या रात्रीच्या अंधारात त्यांच्या नाकाखालून रसद घेऊन पसार.

आबा सरसावून बसले. "म्हंजे काहिलीच की!"

"काहिली नाहीत आबा, होड्या."

"उथळ होत्या का न्हाई?"

"होत्या."

"मग काहिलीच." आणि पुढचा सगळा समुद्र त्यांनी विजयी मुद्रेनं पाहिला.

तासाभरात ताजची घुमटं दिसली, गेटवे दिसला, आणि बोट येऊन टेकली. टेकली म्हणजे दुसऱ्या बोटीला टेकली. ती तिसरीला टेकलेली. आईला हात देत देत दोन बोटी ओलांडून पायऱ्यांवर उतरवलं. दाजी कुठं दिसेनात. जिंकलो! मी फोन लावला आणि अभिमानानं गर्जलो, "दाजी, बोट लागली!"

पलीकडं हॉर्नच्या गलक्यात क्षणभर शांतता. मग दाजींचा आवाज फुलला.

"लागणारच! मी काय सांगतोय दोन म्हैने? कुणाला लागली?"

"कुणाला म्हणजे? सगळ्यांनाच."

"अगागा! आत्यालासुद्धा?"

"हो, ती तर पहिल्यांदा उतरली."

"उतरल्या? मधीच?"

"मधी कशाला? लागल्यावर. एकच बोट, दाजी, लागली की सगळ्यांना एकदम लागते."

"लिंबू चोखा! आवळासुपारी द्या आत्याला! आन् पावणं, तुम्हाला म्हणून सांगतो, पेपर-बिपर काय कामाचा नस्तोय." त्यांच्या सुरात इतका निर्भेळ आनंद होता की तो मोडायचं माझ्या जिवावर आलं. शिवाय मराठीचाच दोष. बोट धक्क्याला लागते आणि बोट पोटाला लागते, क्रियापद एकच. आपल्या पूर्वजांना या दोन घटना वेगळ्या वाटल्याच नसाव्यात.

"तुम्ही कुठं आहात?" मी विचारलं.

पुन्हा हॉर्न. "...वडखळ."

वडखळ हे नाव माहीत नसलेला माणूस सुखी. अलिबागचा रस्ता जिथं मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो तो हा नाका. त्या महामार्गाचं रुंदीकरण सुरू झालं तेव्हा सोन्या बालवाडीत होता. सकाळी दहाला निघालेली गाडी एवढा वेळ वडखळलाच कशी, हा प्रश्न मी विचारला नाही. नंतर आक्काकडून कळलं की दाजी वाटेत सुकट घ्यायला थांबले होते, मग सुकटीचा वास गाडीत राहतो म्हणून ती टपावर बांधायला थांबले, मग ती उडाली म्हणून शोधायला थांबले.

आम्ही टॅक्सीकडं वळलो. पाच माणसं, सहा पिशव्या, पाचांच्या हातात चुरगळलेले पेपर. टॅक्सीत चार बसतील, असं टॅक्सीवाला म्हणत होता. आबा त्याला काहिलीत बारा बसायचे हे समजावत होते. शेवटी तो वैतागून म्हणाला, "अलिबागसे आया है क्या?"

या वाक्यानं अलिबागकरांचा अपमान होतो म्हणून एकानं हायकोर्टात याचिका केली होती. २०१९ साली कोर्टानं ती फेटाळली, असे विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका म्हणून. पण आबांना याचिका माहीत नाही आणि वाक्यही माहीत नाही. परक्या गावात कुणीतरी आपुलकीनं विचारपूस करतंय एवढंच त्यांना कळलं.

"व्हय," ते प्रेमानं म्हणाले. "आत्ताच उतरलो. पर मूळ गाव वारणानगर."

टॅक्सीवाल्यानं कपाळाला हात लावला आणि पाचही जणांना बसवून घेतलं.

दाजी संध्याकाळी उशिरा उगवले. सेतूवर सुळकन आले म्हणे, पण तिथं गाडी थांबवायला बंदी, त्यामुळं फोटो नाही. एका लांब टप्प्यात कडेला आडोसा लावलेला, त्यामुळं समुद्रही नाही. शिवडीला फ्लेमिंगो दिसतील म्हणून आक्का डोळे ताणून बसली होती, तिला टेम्पो दिसले. मग दक्षिण मुंबईत गाडी लावायला जागा शोधण्यात दीड तास. भेटल्या भेटल्या त्यांनी आईची नाडी बघितली.

"बरं वाटतंय का आता, आत्या?"

"मला काय धाड भरलीया?"

दाजींनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की लेखापरीक्षकानंही कधी पाहिलं नव्हतं.

मुंबईतले दोन दिवस चटकन संपले, कारण त्यातला दीड दिवस परत कसं जायचं या चर्चेत गेला. गंमत म्हणजे दोन्ही पॅनेलनं भूमिका बदलल्या. दाजींना आता बोटीत बसायचं होतं, मी पुलाचे फायदे सांगत होतो. लग्नघरी सामान राहिलेलं, म्हणून सगळ्यांनाच अलिबागला परतणं भाग होतं. तडजोड म्हणून रो-रो ठरली. भाऊच्या धक्क्याला दाजींना बांगडे मिळाले, आक्काला क्रॉफर्ड मार्केटच्या पिशव्या उचलायला सोन्या मिळाला, आणि एकादशी उलटून गेल्यामुळं आईनं नाकाला पदर लावून का होईना, धक्का पाहिला.

रो-रो बघून आबा जागच्या जागी थांबले. "ही बोट न्हाई. ही इमारत हाय." गाडी सरळ तिच्या पोटात गेली, आम्ही जिन्यानं वर गेलो. ग्रीसमध्ये बांधलेलं हे जहाज १५ मार्च २०२० रोजी या मार्गावर सुरू झालं, आणि आठवडा-दहा दिवसांत अख्खा देश बंद झाला. "मुहूर्त कुणी काढला हुता?" आईनं विचारलं. तिच्याकडं आता तिथीच्या बाबतीत अधिकार आलेला होता.

खरं सांगतो, त्याइतका वाईट प्रवास आमच्या घराण्यानं केला नाही. गाडी बरोबर, समुद्र बरोबर, थंडगार हवा, गुबगुबीत खुर्च्या. हेलकावा नाही. पेपर बुडाखाली घ्यायची गरज नाही, म्हणून शेवटी लोक ते वाचायला लागले. वेळेवर सुटली, वेळेवर पोचली. कुणालाच 'मी म्हटलं नव्हतं?' म्हणता येईना. दाजी दोनदा तोंड उघडून मिटून बसले. मी तक्त्याची घडी घालून खिशात ठेवली. सगळं कुटुंब असं गप्प बसलेलं पाहून शेजारच्या बाईंनी आईला हळूच विचारलं, "कुणाला बोट लागलीय का?"

गावी परत आल्यावर, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यासाठी पुन्हा बैठक झाली. 'बोट लागली' या नोंदीवर दाजींनी दुरुस्ती सुचवली, ती फेटाळली. मग आयत्या वेळच्या विषयात बायको म्हणाली, पुढच्या वर्षी घारापुरीची लेणी बघू.

मी श्वास रोखला. पण सभेत चमत्कार झाला. घारापुरीला पूल नाही, रस्ता नाही, रो-रो नाही. मुंबईहून जायचं तर नेहमीची वाट एकच, गेटवेवरून, लाँचनं. फक्त सोमवार टाळायचा, लेणी बंद असतात. आईनं उठून भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलं आणि एकादशीही टाळली. दाजींनी अनुमोदन दिलं! आबा "मंजूर" म्हणाले. सतरा मिनिटांत सभा आटोपली. घराण्याच्या इतिहासातला विक्रम. मी समाधानानं वहीखाली रेघ मारली.

"पावणं," दाजी चपला घालता घालता थांबले, "त्या लाँचला वरचा मजला असतोय म्हणं. धा रुपय जादा देऊन."

"असतो ना."

"मग आपुन वर बसायचं का खाली?"

"वर," बायको म्हणाली.

"खाली," आई म्हणाली.

आक्कानं दाजींच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि पुन्हा चहा टाकायला आत गेली. मी फूलस्केप कागद शोधायला लागलो.